पर्वताचे वस्त्र ल्यालेली माता

दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया या देशात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर उंचीवर, पोतोसी नावाचे खाणकामगारांचे शहर आहे. तेथील जुन्या टांकसाळीच्या संग्रहालयात अठराव्या शतकातील एक तैलचित्र जतन करून ठेवलेले आहे. चित्रकार अज्ञात आहे. ‘पर्वताची कुमारी’ या नावाने हे चित्र जगभर ओळखले जाते. त्याचे सौंदर्य वादातीत आहे. मात्र हे सौंदर्य काय दाखविते आणि काय झाकते, याचा विचार ख्रिस्ती रसिकाने अवश्य करावयास हवा.

प्रथम चित्राची रचना पाहू. शहरावर उभा असलेला ‘सेर्रो रिको’, म्हणजे श्रीमंत डोंगर, हाच येथे पवित्र मरियेचा झगा झाला आहे. शिखराच्या जागी तिचा शांत चेहरा आणि उतारांच्या दोन्ही अंगांना पसरलेले तिचे तळहात दिसतात. वर पवित्र त्रैक्य तिला मुकुट घालीत आहे; दोन्ही बाजूंस सूर्य व चंद्र आहेत. पायथ्याशी एकीकडे पोप व धर्माधिकारी, तर दुसरीकडे सम्राट हात जोडून बसले आहेत. झग्यावर, म्हणजेच डोंगरावर, पायवाटा, लामा नावाची ओझ्याची जनावरे आणि इवलीइवली माणसे रेखाटलेली आहेत. १५४५ मध्ये येथील चांदीचा शोध लावणारा दिएगो वाल्पा हा मूलनिवासीही त्यांत आहे.

बोलिव्हियाच्या कला-इतिहासकार तेरेसा गिस्बेर्त यांनी या चित्रात मूलनिवासींच्या धरित्रीमातेचे, पाचामामाचे, मरियेशी झालेले ऐक्य पाहिले. हे विवेचन मोलाचे आहे. परक्या श्रद्धेने स्थानिक मातीचे रूप घेणे आपणांस अपरिचित नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले, तेव्हा येशूचे चरित्र मराठी ओवीत अवतरले. तथापि एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. फादर स्टीफन्स यांनी श्रोत्यांची भाषा घेतली ती श्रोत्यांना काही देण्यासाठी. पोतोसीच्या चित्रात लोकांचा डोंगर घेतला आहे, पण पुढच्या रांगेत गुडघे टेकण्याचा मान लोकांना मिळालेला नाही. तो डोंगराच्या धन्यांना मिळाला आहे.

हे धनी चांदी कशी काढवीत होते? १५७० च्या दशकात व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने ‘मिता’ नावाची वेठ पद्धतशीर लागू केली. ठरवून दिलेल्या प्रांतांतील धडधाकट पुरुषांचा साधारण सातवा हिस्सा आळीपाळीने वर्षभर खाणीवर पाठविला जाई. आरंभी ही संख्या वर्षाला सुमारे १३,००० होती. पुष्कळदा बायकामुले व जनावरेही सोबत निघत आणि मागे गावे ओस पडत. ही वेठ कायद्याने १८१२ मध्ये रद्द झाली. म्हणजे आपला चित्रकार कुंचला चालवीत होता, तेव्हा ती चालूच होती.

चित्रात डोंगराचे बाह्यांग आहे, पोट नाही. अंधार, पाऱ्याची विषबाधा, फुप्फुसांत साठणारी धूळ यांपैकी काहीही त्या झग्यावर उमटलेले नाही. आजही तेथील कामगार खाणीबाहेर क्रूसापुढे नतमस्तक होतात आणि आत गेल्यावर ‘तिओ’ नावाच्या शिंगे असलेल्या मूर्तीपुढे कोकाची पाने व मद्य ठेवतात. याला केवळ अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला तो चित्रावरचा सर्वांत कठोर अभिप्राय वाटतो. ज्या मातेला डोंगराच्या आत येऊ दिले नाही, तिची जागा आत दुसऱ्याने घेतली!

संत लूकच्या शुभवर्तमानातील मरियेचे स्तोत्र आठवावे. त्यात बलवंत खाली उतरतात आणि दीन उंचावले जातात. चित्रात बलवंत सुखरूप आहेत आणि दीन बोटभर उंचीचे आहेत. तेव्हा कलेच्या दृष्टीने थोर असलेले हे चित्र मरियेच्या स्वतःच्या शब्दांपुढे अपुरे पडते, असेच म्हणावे लागते.

वाचकहो, ही फार दूरची गोष्ट नव्हे. आमच्या भूम परिसरातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ होतात; लेकरेही पाचटाच्या खोपीत राहावयास जातात. मिता राजाज्ञेने लादली जाई, उचल कर्जाने बांधते. दोन्ही एकच आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु गाव रिकामे होण्याची रीत सारखीच दिसते. साखरेच्या शुभ्रतेत कोयता दिसत नाही, चांदीच्या लकाकीत खाणकामगार दिसत नाही.

पोतोसीला १९८७ मध्ये जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला आणि २०१४ मध्ये त्याची नोंद धोक्यातील वारशांत झाली. शतकानुशतके पोखरलेला डोंगर शिखरापाशी खचत आहे. चित्रातला झगा अभंग आहे, खरा झगा फाटला आहे. आपल्या देवघरांतील आणि मंदिरांतील चित्रांकडे पाहताना, ती कोणाच्या घामावर उभी आहेत आणि त्यांत त्या माणसांना किती जागा दिली आहे, एवढे विचारण्याची सवय आपण लावून घेतली, तर या अनामिक चित्रकाराने नकळत का होईना, आपणांस मोठा धडा दिला असे होईल.