एसावाचा आक्रोश आणि कृपेचा सिद्धान्त

याकोब आणि एसाव या जुळ्या भावांची कथा धर्मपंडितांनी बहुधा याकोबाच्या बाजूने वाचली आहे. मी ती एसावाच्या बाजूने वाचतो. ज्यांचे स्थान जन्माआधीच ठरवले गेले, त्या समाजातल्या वाचकाला ‘जन्मापूर्वीची निवड’ हे शब्द सहज ओलांडून पुढे जाता येत नाही.

बायबलच्या ‘उत्पत्ती’ या ग्रंथात, २५व्या अध्यायात, मुले रिबकेच्या पोटात असतानाच देव सांगतो की थोरला धाकट्याची चाकरी करील. पुढे भुकेला एसाव मसुरीच्या वरणासाठी ज्येष्ठत्वाचा हक्क विकतो. आणि याकोब हातांना करडांची कातडी गुंडाळून आंधळ्या इसहाकाकडून आशीर्वाद लुबाडतो. थोरल्याचा जन्मसिद्ध हक्क ही कथा मोडते, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्या जागी ती काय आणते? गुण नाही, न्याय नाही, केवळ निवड.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ९व्या अध्यायात या निवडीचा सिद्धान्त केला. मुलांनी बरेवाईट काही करण्याआधीच ती झाली, म्हणून ती कर्मावर अवलंबून नाही, असे तो म्हणतो. बिगर-यहुद्यांना दार उघडावे हा त्याचा हेतू होता. पण आधाराला त्याने मलाखी संदेष्ट्याचे वचन घेतले, आणि त्यात देव एसावाचा द्वेष करतो. मूळ कथेत हा द्वेष नाही. मलाखीच्या लेखी एसाव म्हणजे अदोम हे वैरी राष्ट्र. राष्ट्राचे वैर असे एका भावाच्या माथी बसले. सोळाव्या शतकात कॅल्विनने तर काहींचा उद्धार आणि काहींचा नाश, दोन्ही आधीच ठरलेले मानले.

हा अन्याय नव्हे काय, या प्रश्नावर पौलाचे उत्तर असे की मडक्याने कुंभाराला जाब विचारू नये. हे उत्तर आपल्या ओळखीचे आहे. कर्मविपाकाचा सिद्धान्त जन्माचा दोष आपल्याच मागल्या जन्मावर ढकलतो. कृपेचा सिद्धान्त निदान हा आळ घेत नाही. परंतु जाब विचारण्याची मनाई दोन्हीकडे सारखीच. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी बुद्धाला मोक्षदाता न मानता मार्गदाता मानले, त्याचे मोल इथे कळते. मार्गदात्याला प्रश्न विचारता येतो.

कथाकार मात्र सिद्धान्तकारांहून प्रामाणिक आहे. २७व्या अध्यायात तो एसावाचा आक्रोश दडपत नाही: बापाजवळ एकच आशीर्वाद होता काय, असे विचारून तो मोठ्याने रडतो. ३३व्या अध्यायात वीस वर्षांनी भीतभीत परतलेल्या याकोबाला तोच एसाव धावत जाऊन मिठी मारतो. एसावाचे मुख पाहणे देवाचे मुख पाहण्यासारखे आहे, अशी कबुली खुद्द याकोब देतो.

म्हणजे या कथेत कृपा माणसाच्या हातून घडते, आणि ती करतो न निवडलेला भाऊ. मात्र त्याच्या क्षमेमुळे त्याचा प्रश्न मिटत नाही. कृपेवर व्याख्यान देणाऱ्यांनी आधी त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे.