सहा जण होते, तिघंच का आठवतात?

स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय चित्रकलेचा विषय निघाला की पहिलं नाव येतं प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचं. १९४७ साली मुंबईत स्थापन झालेला हा गट. संस्थापक सहा : सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे. पण कुणालाही विचारून बघा, यादी पहिल्या तिघांपुढे सहसा सरकत नाही. आम्हीही वर्षानुवर्षं तसंच बोलत आलो, म्हणून आज आधी स्वतःलाच हटकायचं आहे.

या सहा जणांना एकत्र आणलं कशानं? शैलीनं तर नक्कीच नाही. सूझांच्या रेषेत चीड आहे. विदर्भातून आलेल्या गाड्यांच्या निसर्गचित्रांत घरं आणि डोंगर रंगांच्या आकारांत विरघळतात. एके काळी मोटारी धुणारे आरा साध्या फुलदाणीला भरघोस रंगानं वजन देतात. बाकरे तर मुळात शिल्पकार! एकमत होतं ते नकारावर. इंग्रजी कलाशाळेतलं हुबेहूब चित्रण नको आणि बंगाल स्कूलचं हळवं पुनरुज्जीवनही नको. आता नकार हाच धागा असेल, तर त्यात पुढारी कोण आणि अनुयायी कोण? तिघांवरून सहांची पारख करता येत नाही, ती यामुळेच.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. कला लोकांपर्यंत न्यायची, ही सुरुवातीची उमेद होती. पण १९४९च्या प्रदर्शनाच्या वेळी सूझांनीच लिहून टाकलं की कलावंत आणि जनता यांच्यातली दरी बुजणारी नाही. त्याच वर्षी ते लंडनला गेले, पुढच्या वर्षी रझा पॅरिसला. १९५१मध्ये बाकरेही लंडनला गेले. गट पांगला तो पांगलाच.

ती दरी मात्र राहिली, आणि तिच्यात आज लिलावाचा बाजार येऊन बसला आहे. ज्याच्या चित्राला कोटींचा भाव, तो थोर. असा सरळ हिशेब आम्ही समीक्षकांनीही मुकाट्यानं मान्य केला. बाकरे परत येऊन कोकणात मुरूडला राहिले, २००७ साली तिथंच गेले. आपल्यापैकी किती जण त्यांचं काम बघायला गेले? आम्ही तरी नाही गेलो.

तेव्हा एवढंच करूया. पुढच्या वेळी संग्रहालयात गेलो, की आधी आरा किंवा गाडे शोधू आणि त्यांच्या चित्रासमोर पाच मिनिटं उभे राहू. मग मत द्यायला आपण मोकळे.