दुभंगलेलें शस्त्रागार

युद्धाचें संग्रहालय म्हटलें म्हणजे तोफा, निशाणें व सेनापतींचीं चित्रें डोळ्यांसमोर उभीं राहतात; आणि तीं ज्या वास्तूंत मांडावयाचीं तीहि तशीच ताठ व भारदस्त असावी, अशी आपली समजूत असते. जर्मनींतील ड्रेस्डेन शहरीं असलेल्या लष्करी इतिहासाच्या संग्रहालयानें ही समजूत बुद्ध्याच मोडली आहे.

मूळ इमारत म्हणजे १८७३ ते १८७६ या काळांत बांधलेलें सॅक्सनीचें शस्त्रागार. १८९७ मध्यें तेथें संग्रहालय आलें. पुढें राजे गेले, नाझी आले, साम्यवादी आले; वास्तूचा लष्करी डौल मात्र कायम राहिला. २०११ सालीं पुन्हां उघडलेल्या या इमारतींत डॅनियल लीबेस्किंड या वास्तुविशारदानें पोलाद, काँक्रीट व काच यांची पाच मजली पाचर ठोकली आहे. दर्शनी भागाची प्रमाणबद्धता ती निर्दयपणें भेदून जाते.

तिरपीं, भंगलेलीं रूपें हा लीबेस्किंडचा नेहमींचाच संप्रदाय. बर्लिनच्या यहुदी संग्रहालयांतहि तीं आहेत. मग हीहि केवळ एक लकबच नव्हे काय? शंका रास्त आहे. बाहेरून पाहतां ही पाचर कांहींशी आक्रस्ताळी दिसते, हें आम्हांस नाकारतां येत नाहीं.

परंतु आंतील योजना पाहिली म्हणजे शंका बरीचशी फिटते. जुन्या दालनांत इतिहास कालक्रमानें, शिस्तीनें चालतो. पाचरींत शिरतांच तो क्रम तुटतो आणि युद्धांत राबविलेलीं जनावरें, मुलांचीं लढाऊ खेळणीं, माणसांचे हाल असे विषय समोर येतात. जें रचनेंत घडलें तेंच प्रेक्षकाच्या मनांत घडतें.

पाचरीचें टोंक दाखवितें ती दिशा १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्रीं बाँबवर्षाव जेथें सुरू झाला तिकडची. त्या संहारांत सुमारें २५,००० माणसें मेलीं. माथ्यावरच्या सज्जांतून पुन्हां उभारलेलें शहर दिसतें. येथें आपलेंच दुःख कुरवाळीत बसण्याचा मोह मोठा होता. तो टळला आहे. कारण वरच्या मजल्यावर ड्रेस्डेनच्या शेजारींच १९३९ मध्यें जर्मन विमानांनीं उध्वस्त केलेलें पोलंडचें व्येलुन व १९४० मध्यें तीच गत झालेलें रॉटरडॅम यांच्या आठवणी ठेविल्या आहेत.

आपली जखम दाखवितांना आपण केलेल्या जखमाहि दाखविणें, हें धैर्य तोफांच्या रांगांहून मोठें होय. या वास्तूचें खरें यश आमच्या मतें त्यांतच आहे.