निष्ठेचा प्रश्न आणि 'वॉचमेन'चे पान

सुपरहिरोंच्या चित्रकथांवरून निघालेल्या चित्रपटांची चर्चा बहुधा पोशाखाचा रंग आणि गाळलेले प्रसंग यांच्या नोंदींतच अडकते. निष्ठा नेमकी कशाशी, हा प्रश्न बाजूला राहतो. लेखक ॲलन मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स यांची 'वॉचमेन' (१९८६-८७, बारा अंक) आणि झॅक स्नायडर यांचा त्यावरील चित्रपट (२००९) यांच्या संदर्भात तो टाळता येत नाही.

स्नायडर यांनी अनेक चौकटी जवळजवळ जशाच्या तशा पडद्यावर आणल्या. शेवटी न्यूयॉर्कचा संहार करणारा कृत्रिम राक्षसी जीव मात्र वगळला आणि त्या संहाराचा आळ डॉक्टर मॅनहॅटनवर येईल अशी योजना केली. वाद झाला तो मुख्यतः याच बदलावर. वस्तुतः तो गौण आहे.

मूळ कृतीचे एकक चौकट नव्हे, पान आहे. तिची बहुतेक पाने नऊ समान चौकटींच्या आखणीवर बेतलेली आहेत. वाचक त्या एकेक करून वाचतो, पण आधीचे आणि नंतरचे सारेच त्याच्या नजरेसमोर एकाच वेळी असते. चौथ्या अंकात मॅनहॅटन काळाचा अनुभव असाच घेतो: १९५९ मधील अपघात आणि १९८५ मधील मंगळावरची वाळू त्याच्या लेखी एकाच वर्तमानात आहेत. पात्राची जाणीव आणि पानाची रचना येथे एकरूप होतात. चित्रपटात फिलिप ग्लास यांच्या संगीतावर उभा केलेला हा भाग निःसंशय प्रभावी आहे. तथापि तेथे प्रतिमा येतात आणि विरतात, आणि सहअस्तित्वाची जागा स्मृती घेते. पाचव्या अंकाची पाने मध्यापासून दोन्ही बाजूंना परस्परांची प्रतिबिंबे आहेत. ही सममिती पाने मागे उलटू शकणाऱ्या वाचकासाठीच आहे.

हातून निसटणारी स्थिर चौकट चित्रपट मंदगतीने धरून ठेवू पाहतो, आणि येथेच खरा द्रोह घडतो. कॉमेडियनचा खून मूळ कृतीत दोन पोलिसांच्या कोरड्या संभाषणात पेरलेल्या लाल छटेच्या चौकटींतून कळतो; ते तुकडे वाचकाने जोडायचे असतात. चित्रपटात त्याची दीर्घ, देखणी मारामारी होते. मूर यांच्या जगात मॅनहॅटनखेरीज कोणाजवळही अलौकिक शक्ती नाही. मुखवट्यामागची थकलेली, सामान्य शरीरे हाच तेथील विषय. पडद्यावर त्या शरीरांच्या ठोशांनी भिंती फुटतात. ज्या वीरपूजेची चिकित्सा करायची, तीच सजून समोर येते. (मूर यांनी श्रेयनामावलीत आपले नाव येऊ दिले नाही, हे प्रसिद्धच आहे, पण लेखकाचा नकार हा समीक्षेचा पुरावा होऊ शकत नाही.)

डेमन लिंडेलॉफ यांच्या २०१९ मधील दूरचित्रवाणी मालिकेने मूळ चौकटी गिरवण्याचे टाळले. तिचे कथानकही १९२१ च्या टल्सा येथील वंशसंहारापासून सुरू होणारे, स्वतंत्र. तिच्या आठव्या भागात २०१९ मध्ये अँजेला एक प्रश्न विचारते आणि मॅनहॅटन तो त्याच क्षणी २००९ मध्ये तिच्या आजोबांपुढे ठेवतो. आजोबांना त्या प्रश्नातले नाव प्रथमच ऐकू येते, आणि ज्या घटनेचा उलगडा अँजेलाला हवा होता तिचे बीज तिच्या प्रश्नानेच पडते. पानावर जे चौकटींच्या शेजाराने साधले होते, ते येथे कार्यकारणाच्या गाठीने साधले आहे.