आंकडा आणि हकीकत : दख्खनच्या खेड्याविषयींच्या दोन ग्रंथांचें परीक्षण

दख्खनच्या खेड्याचा अभ्यास करणारास दोन ग्रंथ टाळतां येत नाहींत. पहिला, रा. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांव-गाडा'; हा १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. दुसरा, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी करून लिहिलेला इंग्रजी ग्रंथ. हा १९१७ सालीं मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रीय मालेंत निघाला. दोहोंमध्यें अंतर अवघें दोन वर्षांचें, आणि विषयहि एकच. परंतु आत्र्यांच्या ग्रंथांत हकीकत प्रधान आहे, तर मॅनच्या ग्रंथांत आंकडा प्रधान आहे. शतकाहून अधिक काळ लोटला तरी मराठी वाङ्मयाचे अभ्यासक आत्र्यांकडे वळतात, अर्थशास्त्राचे अभ्यासक मॅनकडे वळतात, आणि हे दोन ग्रंथ शेजारीं शेजारीं उघडून वाचणारा विरळा. या दोहोंचें एकत्र परीक्षण करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

समाजशास्त्रांत ज्यास हल्लीं 'मिश्र पद्धति' म्हणतात, ती म्हणजे मोजलेली व सांगितलेली अशी दोन्ही प्रकारचीं साधनें एकाच प्रश्नास लावणें. या पद्धतीचा अर्थ पुष्कळदां असा केला जातो कीं, हकीकतीच्या शेवटीं एक कोष्टक जोडावें, किंवा कोष्टकाच्या आरंभीं एक सुरस प्रसंग घालावा. आमच्या मतें हें मिश्रण नव्हे, ही केवळ शेजार-मांडणी होय. हकीकतीनें आंकड्यास व आंकड्यानें हकीकतीस प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नानें दोहोंपैकीं एकास तरी आपली जागा सोडावी लागली, म्हणजेच मिश्रण झालें असें समजावें. या कसोटीवर वरील ग्रंथ घासून पाहूं.

मॅनच्या ग्रंथांतील सर्वांत प्रसिद्ध आंकडे जमिनीच्या सरासरी धारणेचे आहेत. पिंपळे सौदागर येथें १७७१ सालीं दर धारकामागें सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ सालीं ती साडेसतरा एकर झाली. १८२० ते १८४० या काळांत १४ एकर, आणि १९१४-१५ सालीं अवघी ७ एकर राहिली. शेतीच्या तुकडेपणावर पुढें जें कांहीं लिहिलें गेलें, त्यांत हे चार आंकडे पुनःपुन्हां उद्धृत झाले. वाचणाराच्या मनावर ठसा उमटतो तो असा कीं, इंग्रजी अमलांत वारसा, वाटणी व कोर्ट यांच्या योगें शेत तुटत गेलें.

परंतु आंकडे नीट लावून पाहिले तर ते कांहीं निराळेंच बोलतात. ४० पासून ७ पर्यंत एकंदर घट ३३ एकरांची; तींपैकीं साडेबावीस एकरांची घट १८१८ पूर्वींच, म्हणजे पेशवाईंतच झाली आहे. प्रमाणानें पाहिलें तरी तेंच. पहिल्या ४७ वर्षांत धारणा निम्म्याहून कमी झाली, आणि पुढें जवळजवळ त्याच प्रमाणाची घट होण्यास सुमारें ९७ वर्षें लागलीं. सबब, सर्व दोष इंग्रजी कायद्यावर लादणारी रूढ हकीकत या आंकड्यांनींच लंगडी पडते. आंकड्यानें हकीकतीस विचारलेला प्रश्न तो हा.

आतां उलट बाजू पाहूं. १७७१ ते १८१८ हा काळ पुणें प्रांतास शांततेचा नव्हता. १८०२ च्या ऑक्टोबरांत यशवंतराव होळकरानें हडपसरनजीक पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. त्यानंतर मुलूख लुटला गेला, आणि १८०३-०४ सालीं भयंकर दुष्काळ पडला. माणसें मेलीं, परागंदा झालीं, जमिनी पडीत पडल्या. अशा काळांत राहिलेल्या माणसामागें जमीन वाढावी. येथें तर ती निम्म्याहून कमी झालेली दिसते. हकीकत एक सांगते आणि आंकडा दुसरें सांगतो. असा विरोध दिसला म्हणजे कित्येक लेखक दोहोंपैकीं आपणांस गैरसोयीचें तें साधन गुपचूप बाजूस सारतात. आम्ही म्हणतों, संशोधनाचा खरा आरंभ येथेंच आहे.

कारण मग विचारावें लागतें कीं, १७७१ चा '४० एकर' हा आंकडा मुळांत काय मोजतो? पेशवाईंतील मोडी कागदांत एकर नव्हता. पांच हात पांच मुठींची काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चाहूर, अशी ती मोजणी. काठीची लांबी स्थलपरत्वें बदले, आणि कित्येक ठिकाणीं हलक्या जमिनीचा बिघा भारी जमिनीच्या बिघ्याहून मोठा धरीत. म्हणजे त्या बिघ्यांत क्षेत्राबरोबर जमिनीचा कसहि मोजला जाई. दुसरें असें कीं, जुन्या कागदांत जमीन बहुधा कुटुंबप्रमुखाच्या नांवें लागे. चार भाऊ एकत्र नांदत असले तरी नांव थोरल्याचें. मुंबई इलाख्यांत १९०३ च्या कायद्यानें हक्कनोंदणी सुरू झाली, आणि प्रत्येक हिस्सेदाराचें नांव स्वतंत्रपणें दाखल होऊं लागलें. तेव्हां ४० पासून ७ पर्यंतच्या उतारांत जमिनीची वांटणी किती आणि नांवांच्या नोंदीची वांटणी किती, हा भेद सरासरी सांगूं शकत नाहीं. तो सांगतील वाटणीपत्रें, तक्सिमांचे कागद, महजर आणि मिरासपत्रें. हकीकतीनें आंकड्यास विचारलेला प्रश्न तो हा. या प्रश्नानें मॅनचा आंकडा खोटा ठरत नाहीं. त्यास जें ओझें आजवर वाहावयास लाविलें आहे तें त्याच्या शक्तीबाहेरचें आहे, इतकेंच ठरतें.

आत्र्यांच्या ग्रंथाची थोरवी अशी कीं, धान्य खळ्यावरून घरीं पोंचण्यापूर्वीं त्यावर कोणाकोणाचा हात पडतो, हें त्यांनीं जिवंतपणें दाखविलें. वतनदार, बलुतेदार, अलुतेदार, फिरस्ते, या सर्वांचा भार वाहणारा कुणबी त्यांच्या लेखणींतून उभा राहतो. महसूल खात्याच्या नोकरीनें त्यांस खेडें आंतून पाहावयास मिळालें, आणि सात एकरांचा धनी सात एकरांचें पीक घरीं नेतो असें मानणाऱ्या कोष्टकपंडितास त्यांचा ग्रंथ हें उत्तम औषध आहे. तथापि त्यांची दृष्टि खळ्याच्या एकाच बाजूस उभी आहे. फिरस्त्यांविषयीं त्यांचा सूर कठोर, केव्हां केव्हां अन्यायाचा आहे. कोणत्या गांवांत, कोणत्या सालीं, किती मणांपैकीं किती शेर कोणाकडे गेलें, असा झाडा जेथें नसतो तेथें 'भार' हा शब्द लेखकाच्या रागाबरोबर फुगतो. आणि ज्यास आत्रे भार म्हणतात, तीच बलुतेदाराची मजुरी होय, ही गोष्ट दोन्ही बाजूंचा हिशेब मांडल्यावांचून उघड होत नाहीं. मॅनच्या शिस्तीची उणीव आत्र्यांत भासते ती येथें.

दोन्ही साधनांचा संगम कसा व्हावा याचें एक चांगलें उदाहरण मात्र मॅनच्याच कामांत सांपडतें. पिंपळे सौदागरांतील १०३ कुटुंबांची पाहणी करून त्यांनीं सुमारें शेंकडा ६५ कुटुंबें आर्थिक दृष्ट्या डबघाईस आलेलीं ठरविलीं. पुढें १९२१ सालीं कानिटकर यांच्या सहकार्यानें प्रसिद्ध केलेल्या जातेगांव बुद्रुकच्या पाहणींत हेंच प्रमाण १४७ कुटुंबांत शेंकडा ८५ पर्यंत गेलें. येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, कुटुंब सुस्थितींत आहे कीं नाहीं हें ठरविण्यास त्यांनीं गांवकऱ्यांनींच मानलेल्या राहणीचें मान घेतलें. म्हणजे ६५ या आंकड्याच्या पोटांत गांवकऱ्यांची साक्ष दडलेली आहे. तसेंच, ६५ व ८५ यांतील तफावत केवळ जमिनीवरून उलगडत नाहीं. पिंपळे सौदागर खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्याजवळ, तेथें मजुरी मिळे. जातेगांव पुण्यापासून दूर, कोरडवाहू. जागेची ही हकीकत कळली म्हणजेच आंकडा बोलका होतो. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत सामावलें आहे आणि शेतांच्या जागीं इमारती उभ्या आहेत. तेव्हां त्या गांवापुरता तरी हा पुरावा पुन्हां जमविणें अशक्य आहे.

याहून जुनें व अधिक बोधप्रद उदाहरण १८७५ च्या दंग्याचें. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें दंगा उसळला व पुणें-नगर जिल्ह्यांत पसरला. चौकशीसाठीं नेमलेल्या कमिशनानें १८७६ सालीं अहवाल दिला. नगर जिल्ह्यांतील बारा गांवांचा झाडा घेऊन कमिशनानें सांगितलें कीं, सुमारें एक तृतीयांश खातेदार कर्जांत रुतलेले आहेत, त्यांचें कर्ज सरासरीनें साऱ्याच्या १८ पट आहे, आणि त्यांपैकीं जवळजवळ दोन तृतीयांश जमिनीच्या गहाणावर आहे. आंकडे स्पष्ट आहेत. परंतु दंगेखोरांनीं केलें काय? माणसें मारण्यापेक्षां त्यांनीं सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळण्यावर भर दिला. त्यांचा राग ज्या कागदावर होता त्याच कागदावरून कर्ज मोजावयाचें, असा हा पेंच आहे.

रोख्यांतील रक्कम म्हणजे कुणब्याच्या हातीं पडलेली रक्कम नव्हे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. मुदत सरत आली कीं व्याज मुद्दलांत मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची रीत पडली. म्हणून १८ पट हा आंकडा कर्जाचें माप आहे तसाच तो रोखे फिरवून लिहिण्याच्या रीतीचेंहि माप आहे. ही गोष्ट कुणब्यांच्या जबान्यांवरून कळते. जबानी कितपत खरी हें सावकाराच्या कीर्द-खतावणीवरून कळतें. आणि खतावणीचा अर्थ पुन्हां रोख्यावरून लागतो. असें हें फिरतें चक्र आहे. यांतील एक आरा काढला तर चाक बसतें. रविंदरकुमार यांनीं १९६८ सालीं या दंग्यास समाजस्थितीच्या मोठ्या पालटाचें चिन्ह मानलें, तर नील चार्ल्सवर्थ यांनीं १९७२ सालीं त्याचें महत्त्व फाजील वाढविलें गेल्याचें प्रतिपादिलें. हा वाद गांवोगांवच्या खतावण्यांवांचून शेवटास जाणें कठीण.

१९८९ सालीं ग्रीन, कॅराचेली व ग्रॅहम या तीन पाश्चात्य अभ्यासकांनीं मिश्र पद्धतीचे पांच हेतु सांगितले : एका साधनानें दुसऱ्याचा पडताळा घेणें, एकानें दुसऱ्याची पूर्ति करणें, एकाच्या निष्कर्षावर दुसऱ्याची उभारणी करणें, दोहोंतील विरोधांतून नवा प्रश्न काढणें, आणि चौकशीचा विस्तार करणें. आमच्या इतिहासलेखनांत पहिले दोन हेतु परिचयाचे आहेत. चौथ्याकडे मात्र दुर्लक्ष होतें, आणि वर दाखविल्याप्रमाणें सर्वांत फलदायी तोच आहे.

आतां संग्राहकांशीं ज्याचा थेट संबंध आहे तो मुद्दा. राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढला, तो राजकीय पत्रव्यवहाराचा. तेव्हांपासून आमच्याकडे पत्र, सनद, महजर, शिक्क्याचा कागद यांस मान; कीर्द, खतावणी, रोजखर्डा, बाजारखर्च यांस रद्दीचा भाव. ना. गो. चापेकरांनीं 'पेशवाईच्या सावलींत' हा ग्रंथ १९३७ सालीं प्रसिद्ध करून खासगी घराण्यांच्या हिशेबी कागदांतून केवढा समाज दिसतो हें दाखवून दिलें. तरीहि ही वृत्ति पुरती पालटली नाहीं. एखाद्या घराण्याचें दप्तर बाहेर पडतें, तेव्हां पत्रें एका संग्रहांत जातात, सनदा दुसऱ्याकडे विकल्या जातात, आणि हिशेबाच्या वह्या वाळवीस किंवा वाण्यास मिळतात. यांत केवळ कांहीं वह्या नष्ट होतात असें नाहीं. ज्या वहीनें त्या पत्राची साक्ष तपासली असती ती वही गेली, म्हणजे उरलेलें पत्रहि निम्में मुकें झालें.

सबब आमची सूचना अशी. रुमाल फोडूं नये. फोडणें भागच पडलें तर कोणता कागद कोणत्या रुमालांत, कोणत्या कागदाशेजारीं होता याची याद आधीं करावी. हिशेबी कागद छापतांना केवळ बेरजा न देतां कलमें द्यावींत, मूळ मापें तशींच ठेवून एकर-रुपयांचें रूपांतर वेगळ्या रकान्यांत दाखवावें. पत्र छापतांना त्यांत आलेली रक्कम त्याच घराण्याच्या कीर्दींत सांपडते कीं नाहीं, हें टिपेंत सांगावें. जुळली तरी सांगावें, आणि न जुळली तर अगत्यानें सांगावें.

आत्रे व मॅन यांनीं एकाच खेड्याकडे दोन दारांनीं प्रवेश केला. त्यांचे ग्रंथ छापील असल्यामुळें आज आपण ते शेजारीं ठेवूं शकतों. ज्या कागदांवरून अशा शंभर गांवांचा इतिहास लिहितां येईल ते अद्याप छापलेले नाहींत; ते माळ्यावर, पेटींत, फडताळांत आहेत, आणि त्यांतील पत्र व वही एकत्र राहतात कीं नाहीं हें संग्राहकांच्या हातीं आहे.