पंखावरचा ओरखडा

चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत स्मरणचित्रात मी काढलेले सगळे पक्षी आभाळात उंच असायचे. दोन डोंगर, मधे सूर्य, आणि वर चपट्या कमानींची एक रांग. पक्षी जितका लांब तितका सोपा. दीड हातावर बसलेला पक्षी काढायची वेळ थेट वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी आली. बाल्कनीतल्या जास्वंदीवर एक शिंजीर यायला लागला, आणि मला वाटलं, एवढासा जीव, वेळ तो किती लागणार?

पहिल्या दिवशी वहीत एक चोच झाली. दुसऱ्या दिवशी अर्धी शेपटी. शिंजीर फुलाच्या देठाशी चोचीनं भोक पाडून मध पितो आणि पेन्सिलीचं टोक कागदाला टेकेपर्यंत दुसऱ्या फांदीवर असतो. शेवटी असं ठरवलं की आधी बसलेला पक्षी शिकू, मग उडणाऱ्याच्या वाटेला जाऊ. आणि बसलेला पक्षी म्हटल्यावर डच चित्रकार कारेल फाब्रिटियसच्या गोल्डफिंचशिवाय दुसरं चित्र डोळ्यांपुढे येईना.

हे चित्र १६५४ सालचं. लाकडी फळीवर तैलरंगात केलेलं, उंची ३३.५ सेंटिमीटर आणि रुंदी २२.८. म्हणजे आपल्या झेरॉक्सच्या ए-फोर कागदाहून थोडंसंच मोठं. मूळ चित्र नेदरलँड्समध्ये हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. मी ते प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून रंगीत प्रिंट काढून आणली. ए-फोरवर बसवताना पक्षी एक दशांशानं बारीक झाला, पण चित्रातला पक्षी जवळजवळ खऱ्या मापाचाच असल्यानं एवढी घट चालून गेली. गोल्डफिंच आपल्या चिमणीहून जरा लहानच.

चित्रात आहे तरी काय? गिलाव्याची फिकट भिंत, तिच्यावर डाग आणि भेगा. भिंतीला दाण्याची निळसर पेटी, तिच्याभोवती दोन अर्धगोल दांड्या. वरच्या दांडीवर पक्षी. पायात साखळी. खाली चित्रकाराचं नाव आणि साल, जणू भिंतीवरच लिहिलेलं. बस्स. ना फूल, ना खिडकी, ना माणूस.

मी शाळेत शिकवल्याप्रमाणे नक्कल करायला बसलो. चोच, मग डोळा, मग डोक्यावरचा लाल पट्टा, मग एकेक पीस. दोन तास घासल्यावर जे झालं ते एखाद्या जुन्या संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या पक्ष्यासारखं होतं. सगळं जागच्या जागी, आणि जीव कुठेच नाही. मग फाब्रिटियसनं पिसं कशी काढली आहेत ते बघायला भिंग घेतलं, फाइल संगणकावर मोठी केली. तर तिथे पिसं नव्हतीच! छातीवर तपकिरी-करडे ओले फटकारे एकमेकांत मिसळलेले. पाठीवर जाड रंग तसाच सोडलेला. पंखावर, जिथे गोल्डफिंचची ओळख पटवणारा पिवळा पट्टा असतो, तिथे पिवळा रंग ओला असतानाच ब्रश उलटा करून दांड्याच्या टोकानं ओरखडे ओढलेले. पंखाची सगळी कडक, तुकतुकीत रेघ त्या ओरखड्यांतून आलेली आहे. मी ज्या जागी पेन्सिल टोकदार करून पंचवीस रेघा ओढल्या होत्या, तिथे त्यानं ब्रशाचं चुकीचं टोक वापरलं होतं.

मला या चित्रातलं सगळ्यात आवडतं ते हे, की त्यात नेमकेपणा आहे, पण तो पक्ष्याच्या वाट्याला आलेला नाही. दांडीची कड बघा, पेटीची कड बघा: स्वच्छ, ठाम. भिंतीवर पडलेली सावली बघा. पेटी भिंतीपासून किती पुढे आली आहे हे बोटानं मोजता यावं इतकी ती नेटकी. आणि पक्ष्याची कड? ती जागोजागी हवेत विरते. पोटाखाली तर तो नेमका कुठे संपतो हे सांगता येत नाही. जे हलणार नाही ते रेखीव, जे कुठल्याही क्षणी हलेल ते सैल. घाईत केलं म्हणून ते सैल झालेलं नाही. ज्या हातानं दांडी ओढली, त्याच हातानं छातीही रंगवली आहे.

दुसरी गंमत उजेडाची. फाब्रिटियस रेम्ब्रांटचा शिष्य. गुरूच्या चित्रात काळोखातून माणूस उजळून वर येतो. शिष्यानं ते उलटं केलं: मागे उजेडाची भिंत, पुढे गडद आकृती. आपल्या उन्हातल्या डोळ्यांना हे लगेच पटतं. दुपारी पांढऱ्या भिंतीपुढे तारेवर बसलेली चिमणी आपल्याला आधी ठिपका म्हणूनच दिसते, तिचे रंग मागाहून येतात. इथेही आधी आकार येतो, मग लाल, मग पिवळा. डोळा सगळ्यात शेवटी सापडतो. काळ्यात काळा, आत प्रकाशाचा एक कण. तो सापडला की लक्षात येतं, आपण बघायच्या आधीपासून तो आपल्याकडे बघतो आहे. आणि आपण त्याच्या किंचित खाली उभे आहोत, मान वर करून.

डच भाषेत या पक्ष्याला ‘पुटर’ म्हणतात, म्हणजे पाणी शेंदणारा. साखळीत ठेवून त्याला शिंप्याच्या अंगुस्तान्याएवढ्या बादलीनं पाणी ओढायला शिकवत. आपल्याकडेही खेळवाले सुगरण पक्ष्याला नाणी उचलून आणायला शिकवीतच. हुशार पक्ष्याला हुशारी भोवते, हे दोन्हीकडे सारखंच. फाब्रिटियसनं मात्र त्याच्याकडून कसलाच खेळ करून घेतलेला नाही. बादली चित्रात नाहीच. पक्षी नुसता बसला आहे.

हे लिहिताना एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पहिले काही दिवस मला ती साखळी सोयीची वाटली होती. पक्षी जागचा हलत नाही, यापलीकडे शिकाऊ माणसाला काय हवं? माझा शिंजीरही असाच दहा मिनिटं बसला असता तर, असं मनात येऊन गेलं, आणि त्यानंतर बराच वेळ त्या चित्राकडे बघवेना. पुढे एका पक्षीचित्रकार मैत्रिणीनं तोडगा सांगितला. एका पानावर एकाच वेळी पाच चित्रं सुरू ठेवायची. पक्षी हलला की पुढच्यावर जायचं. पक्ष्यांच्या बसण्याच्या लकबी ठरलेल्या असतात. तो पुन्हा तसा बसला की मागच्यावर परतायचं. खरंच, शिंजीर दर दोन-तीन मिनिटांनी तीच एक मान वळवतो. माझ्या पानावर आता शेपटीविना दोन, डोक्याविना एक आणि नुसत्या वाकलेल्या पाठीचे दोन शिंजीर आहेत. ती पाठ मात्र शिंजिराचीच आहे, दुसऱ्या कुणाची वाटणार नाही.

१२ ऑक्टोबर १६५४ या दिवशी डेल्फ्ट या डच शहरातलं दारूगोळ्याचं कोठार उडालं. शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. आपल्या कामाच्या खोलीत चित्र रंगवीत असलेला फाब्रिटियस त्यात गेला. वय बत्तीस. त्याची म्हणून खात्रीनं सांगता येतील अशी जेमतेम डझनभर चित्रं उरली आहेत. गोल्डफिंचही पुढे विस्मृतीत गेला. एकोणिसाव्या शतकात तेओफील तोरे या फ्रेंच समीक्षकानं त्याला पुन्हा उजेडात आणलं आणि १८९६ साली तो मॉरित्सहाउसमध्ये पोचला. चित्राखालचं साल आणि मरणाचं साल एकच, म्हणून या पक्ष्यात पुष्कळांनी पुष्कळ अर्थ भरले आहेत. मला त्या वाटेनं जावंसं वाटत नाही. रंगवताना फाब्रिटियसला ऑक्टोबर ठाऊक नव्हता. ओला पिवळा वाळायच्या आत ओरखडा ओढायला हवा, एवढं ठाऊक होतं.

गोल्डफिंचच्या नकलेला चौथ्या खेपेला मी उलट्या बाजूनं सुरुवात केली. आधी भिंतीचा करडेपणा, मग पेटी, तिची सावली, दोन्ही दांड्या. मग साखळी. तिच्या कड्या मोजत बसलो नाही. दोन-तीनच नीट काढल्या, बाकी नुसती लोंबती ओळ. पक्ष्याची जागा कोरी ठेवून भोवतीनं रंगवत गेलो. सगळं झाल्यावर दांडीवर कोऱ्या कागदाचा एक आकार बसलेला दिसला, मान जराशी वळवलेला. आधीच्या तिन्ही पक्ष्यांपेक्षा तो बरा होता. मी पेन्सिल खाली ठेवली. तीन दिवस झाले, तो तसाच आहे.