पाठीमागची पंगत

पॅरिसच्या लूव्रमध्ये मोनालिसाच्या दालनात माणसं दिवसभर एकाच दिशेला तोंड करून उभी असतात. समोर काचेआड 77 बाय 53 सेंटिमीटरची लाकडी फळी, अलीकडे उंचावलेल्या मोबाइलचं रान. या सगळ्यांच्या पाठीमागे, जवळजवळ अख्खी भिंत व्यापून, पाओलो वेरोनेझेचं ‘काना गावचं लग्न’ टांगलेलं आहे. उंची 6.77 मीटर, रुंदी 9.94. त्याच्यापुढे क्षणभर थांबणारेही थोडेच.

वळून पाहावं असंच ते आहे. लग्नघरातली वाइन संपली आणि येशूने पाण्याची वाइन केली, ती ही गोष्ट. शंभराहून जास्त माणसं पंगतीला जमली आहेत. उजवीकडे एक नोकर मोठ्या रांजणातून वाइन ओततोय. मधोमध वादक बसलेत, त्यांच्या मेजावर वाळूचं घड्याळ. डावीकडे एक बाई चक्क दात कोरतेय. आणि बरोबर येशूच्या डोक्यावर, वरच्या सज्जात, मांस तोडणं चाललंय. पुढे येणाऱ्या बलिदानाची ही चाहूल! ती दात कोरणाऱ्या बाईसोबत एकाच चित्रात बसवायला केवढी छाती लागते.

वेरोनेझेने हे चित्र 1563 मध्ये पुरं केलं ते व्हेनिसच्या सान जॉर्जो माज्जोरे मठातल्या भोजनगृहासाठी. ते भोजनगृह वास्तुकार पालाडिओने बांधलेलं. साधू खाली जेवत, वर ही पंगत. 1797 मध्ये नेपोलियनच्या फौजेने ते उतरवलं आणि तुकडे करून पॅरिसला नेलं. नेपोलियन पडल्यावर लुटीतली कितीतरी चित्रं मायदेशी परतली, हे राहिलं. 2007 मध्ये माद्रिदच्या ‘फॅक्टुम आर्ते’ या कार्यशाळेने त्याची हुबेहूब, त्याच मापाची प्रतिकृती करून मूळ भिंतीवर लावली. प्रतिकृतीचं कौतुक करताना जीभ अडखळते, तरी म्हणतो, वेरोनेझेने कशासाठी एवढं मोठं चित्र काढलं हे त्या भिंतीपुढेच कळतं.

जागा बदलली की चित्राला कात्री लागते, हे ॲम्स्टरडॅमनेही पाहिलंय. रेम्ब्रांटचं 1642 चं ‘नाइट वॉच’ 1715 मध्ये नगरभवनाच्या भिंतीत मावेना म्हणून चारी बाजूंनी कापलं गेलं. पण आज तिथलं रायक्सम्युझियम त्याच चित्राला जसं वागवतंय, ते मला फार मोलाचं वाटतं. 2019 मध्ये त्यांनी चित्राभोवती काचेची खोली उभारली आणि तपासणीचं काम लोकांसमोरच सुरू केलं. चित्र म्हणजे कापड, रंग, वार्निश आणि त्यावरून गेलेली शतकं, हे तिथे डोळ्यांना दिसतं. मांडणी हीसुद्धा कला आहे, आणि बड्या दालनांमध्ये आज तीच सर्वांत दुबळी झाली आहे.

मोनालिसाला स्वतंत्र दालन देण्याची घोषणा 2025 च्या जानेवारीत झाली. ती तिथून हलेल तेव्हा लूव्रने वेरोनेझेसमोर चार बाकं तरी टाकावीत. जेवता जेवता पाहण्यासाठी काढलेलं चित्र आहे ते. निदान बसून तरी पाहता यावं.